तिरकी रेघ थरथरते

२० मार्च
साहेबांचा हात आजही जमला नाही. कोट झाला, टाय झाला, चष्मा तर असा झाला की मीच माझी पाठ थोपटून घेतली. पण खांद्यापासून बोटापर्यंतची लांब तिरकी रेघ ओढायला घेतली की लॅपटॉपवर ती पाण्यात पडल्यासारखी हलते. खोडली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

आयुष्यभर हा हात मी भिंतीवर एका ओढीत काढला. शिडीवर उभी राहून, खालून कमिटीची माणसं अक्कल शिकवत असताना. आणि आता पंख्याखाली खुर्चीत बसून ही पाटीएवढी प्लॅस्टिकची वस्तू मला नाचवते. हात खाली टॅब्लेटवर, डोळे समोर लॅपटॉपवर. याची सवय व्हायलाच महिना गेला. तीही केली.

यंदा भिंत नाही. चाळ पाडणार हे नक्की झालंय. मैदानाकडच्या भिंतीला बांबू आणि हिरवी जाळी लागली. म्हणून चौदा एप्रिलच्या जयंतीला फ्लेक्स. विजू कमिटीचा सेक्रेटरी, पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेला आणि माझ्या पाटीत बघून पास झालेला. तो नेटवरून तयार चित्र उतरवणार होता. मी म्हटलं, लाव, मी भरदिवसा फाडेन. मग त्याने दहा एप्रिलची मुदत दिली. तोवर माझं चित्र तयार नसेल तर नेटवरचं.

बघू कोण लावतं नेटवरचं.

२२ मार्च
रविवार, प्राची आली. टॅब्लेट लेकीनेच आणून दिलाय, तेव्हा दुरुस्तीही तिच्याच गळ्यात. पेनाची निब बदलली. ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला, वायर दुसरी लावली. मी ओढली. थरथर.

मग ती टॅब्लेटकडे बघायची थांबली आणि माझ्या हाताकडे बघत बसली. मला कळलं.  चहाचे कप विसळताना पाठमोरीच म्हणाली, "आई, आजीचंही असंच सुरू झालं होतं."

आजी म्हणजे माझी आई. शेवटी शेवटी तिच्या हातात कप-बशी वाजायची. पुढे पेला दोन्ही हातांनी धरायची, आणि लोकांसमोर चहाच नको म्हणायची.

मी लगेच कागद घेतला. रंगकामात मनगटाखाली धरायची माझी जुनी सळई आडवी ठेवली, तिच्यावर मनगट टेकलं, पेन्सिलीने तश्शीच तिरकी रेघ ओढली. सुतासारखी सरळ. फ्रिजवर चिकटवली. जाताना प्राचीने ती बघितली आणि तरी म्हणाली, एकदा दाखवून घेऊ.

दाखव तुझ्या त्या टॅब्लेटला.

२७ मार्च
टॅब्लेट घेऊन दादरला दुकानात गेले. तिथल्या माणसाने काउंटरवर लावला, स्वतः लांब रेघ ओढली. सरळ. आणखी एक ओढली. तीही सरळ. मग माझ्या केसांकडे बघितलं. म्हणाला, मशीन ओके आहे मॅडम, एज फॅक्टर असतो.

मीही ओढून बघितली. वाकडी आली. घरच्यासारखी थरथरती नव्हती, सरळसरळ वाकडी होती. उभ्याउभ्या, मागून गिऱ्हाइकांचे धक्के, हाताखाली सळईसुद्धा नाही. पण वाकडी ती वाकडीच. त्याने मान हलवली.

मग त्याने कुठलंसं बटण सरकवलं. स्मूथिंग. आता कशीही ओढा, रेघ सरळच येते. मी मुद्दाम हात हलवत ओढली, तरी गुळगुळीत. विचारलं, मग ही रेघ काढली कोणी? तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बटण घरी येऊन पुन्हा शून्यावर आणलं.

कागदावर माझा हात निर्दोष. दुकानात मशीन निर्दोष. घरी दोघं एकत्र आले की थरथर. लग्नाच्या बोलणीत असतात तसे दोन्हीकडचे सज्जन, आणि भांडण मात्र चालूच.

३० मार्च
प्राचीने डॉक्टरची वेळ घेतली. सोळा एप्रिल. मेंदूचा डॉक्टर. मला न विचारता. म्हणे, कागदावर चकलीसारखं गोल गोल काढायला सांगतात, त्यावरून त्यांना कळतं.

संध्याकाळी विजू आला. तिने त्याला फोन केलेला असणार, कारण फार गोड बोलत होता. म्हणाला, तू खूप केलंस चाळीसाठी, आता आराम कर. पुतळा बसवताना बोलतात तसं. मी म्हटलं, मुद्द्याचं बोल.

"शालू, उगाच ताणू नको गं. वरती लागणार, लांबून कोणाला दिसतंय रेघ हलली की नाही?"

"विज्या, साहेबांचा हात थरथरताना दाखवू? कोणापुढे थरथरला होता तो?"

 चहा पिऊन गेला. मुदत मात्र वाढवली नाही.

तो गेल्यावर मी हात समोर धरून बघितला. बोटं पसरून. बराच वेळ बघितलं. स्थिर आहे असं वाटलं. मग वाटलं, बघत राहिलं तर कुठलाही हात हलतो. भीती वाटली. लिहून ठेवते, वाटली.

२ एप्रिल
रेघ जमली नाही. आज सळईच पुसत बसले.

ही हातभर लांबीची लोखंडी सळई बाबांनी मिलच्या भंगारातून आणली होती, खिडकीला अडकवायला. बाबा सूतखात्यात. साचाखात्यात, मागावर, आपल्या जातीच्या माणसांना कोण घेत होतं तेव्हा? संप लागला तेव्हा मी शाळेत होते. गेटवर धरायला पाट्या हव्या होत्या आणि गल्लीतला पेंटर संपाला कंटाळून कोकणात निघून गेलेला. माझं अक्षर बरं, म्हणून माझ्यापुढे रंग आणि पत्रे आणून ठेवले. हात सारखा ओल्या रंगाला लागून अक्षर फिसकटायचं. बाबांनी खिडकीची सळई काढून माझ्या डाव्या हातात दिली. "हिच्यावर मनगट टेक. रंगाला लागणार नाही आणि हलणारही नाही."

पुढे कळलं, मोठे पेंटर काठी वापरतात, टोकाला कापडाचा बोळा बांधलेली. मला सळईची सवय झाली ती झाली. बाबा पुन्हा मिलमध्ये गेले नाहीत, मिलच राहिली नाही. त्या जागी आता काचेची बिल्डिंग आहे. मी पेंटर झाले. परळ-लालबागच्या दुकानांवर बोर्ड लिहिले, खाली सही केली, शालिनी पेंटर. बाई पेंटर म्हणून लोक शिडीखाली उभे राहून बघायचे. फ्लेक्स आले आणि बोर्ड गेले. जयंतीची भिंत तेवढी राहिली होती.

सगळीकडे ही सळई बरोबर होती. पत्र्यावर, भिंतीवर, काचेवर. आता टॅब्लेटवर आहे. तिच्यावर मनगट टेकलं की मला वाटतं, माझं कोण काय बिघडवणार.

५ एप्रिल
जिंकले!

सकाळी डोक्यात आलं. हात दोषी की मशीन, हे ठरवायचं तर हातच बाजूला काढायचा. हळदीचा आणि तिखटाचा असे दोन प्लॅस्टिकचे डबे घेतले, मध्ये पेन उभं केलं, रबरबँडने आवळलं आणि सगळी वरात टॅब्लेटवर ठेवली. सळई होती तिथेच होती. मी मागे सरले. लॅपटॉपवर बघितलं तर कर्सरचा बाण थरथरतोय. पेनाला कोणीही हात लावलेला नाही आणि बाण थरथरतोय.

प्राचीला व्हिडिओ कॉल लावला. रविवार असून ऑफिसात होती, तरी उचलला. म्हटलं, बघ, माझे हात कुठे आहेत? हे बघ, दोन्ही कमरेवर. आता बोल हळदीच्या डब्याला डॉक्टरकडे ने म्हणून. ती हसायला लागली, मग थोडी रडली पण. मग म्हणाली, "आई, ती सळई बाजूला कर ना, पेन नीट दिसत नाहीये."

सळई उचलली. बाण थांबला.

ठेवली. थरथर. उचलली. थांबला. कितीतरी वेळा केलं. 

प्राचीने तिथल्या तिथे शोधून सांगितलं. टॅब्लेट पेनाचा पत्ता लोहचुंबकासारखा ओळखतो, जवळ लोखंड आलं की त्याचा गोंधळ होतो. कोट, टाय, चष्म्याच्या लहान रेघांना मी सळई घेत नाही, म्हणून त्या नीट. दुकानात सळई नव्हती, म्हणून तिथे थरथर नाही. फक्त लांब रेघेला, हात हलू नये म्हणून, मी नेमाने सळई ठेवत होते.

हात निर्दोष! फ्रिजवरच्या कागदावर लाल पेनने लिहिलं, निर्दोष.

६ एप्रिल
काल फार उड्या मारल्या.

सळई खिडकीत ठेवली, जिथे ती मुळात होती. बाबांना काय सांगू? तुमच्या सळईनेच घोटाळा केला? तिचा काही दोष नाही. ती भिंतीसाठी होती.

मग मोकळ्या मनगटाने हात काढायला बसले. थरथर गेली, अगदी गेली. पण रेघेला पोट आलं. मध्येच खाली लवते आणि कोपराशी जरा हलते. पुन्हा ओढली, पुन्हा पोट. ही लोखंडाची नाही. मशीनचीही नाही. इतकी लांब रेघ मी आधाराशिवाय आयुष्यात कधी ओढलेलीच नाही, मग येणार कशी? असं मी स्वतःला सांगते आहे. खरंही असेल. पण आईचंही कोपरापासूनच सुरू झालं होतं.

प्राचीला फोनवर नुसतं म्हटलं, छान चाललंय. तिने विचारलं, वेळ रद्द करू का डॉक्टरची? मी म्हटलं, राहू दे सध्या. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

८ एप्रिल
आधार हवा, पण लोखंड नको. लाटणं आणलं. लाटणंच ते, लाटण्यासारखं पळतं. मनगटासकट मीही टॅब्लेटच्या बाहेर. स्वयंपाकघरातली सगळी लाकडं तपासून झाली. पळीला दांडा आखूड, पोळपाटाचा उपयोग नाही.

विजू कमिटीच्या खोलीत झेंडे मोजत बसला होता. त्याला निळ्या झेंड्याची काठी मागितली. कशाला, म्हणाला. म्हटलं, तुझं नेटवरचं चित्र झोडपायला. दिली. बांबूची, सरळ, हलकी, टोकाला जुन्या झेंड्याचा कापडी तुकडा अडकलेला. तो तसाच राहू दिला, मोठ्या पेंटरांच्या बोळ्यासारखा.

बसले. मनगट टेकलं. हलकी आहे, सळईसारखी दबून बसत नाही. पण बाण शांत आहे.

१० एप्रिल
दुपारी हात झाला. खांद्यापासून बोटापर्यंत एका ओढीत.

कोपराशी एक जागा आहे. अगदी बारीक. इतरांना दिसणार नाही, मला दिसते. चित्र मोठं करून बघितलं तर तिथे रेघ क्षणभर श्वास घेतल्यासारखी हलली आहे. बांबू सरकला असेल. मशीन चुकलं असेल. नाहीतर मी.

विजू चित्र न्यायला आला, तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याचं बोट बरोबर त्याच जागेवर गेलं. पाटीत बघून पास झालेला असला तरी आंधळा नाही. म्हणाला, ते स्मूथचं बटण आहे ना, तेवढ्यापुरतं सरकव, संपलं. प्राचीही फोनवर तेच म्हणाली.

नाही सरकवलं. सरळ रेघ विकत मिळते, नेटवर फुकट मिळते. ही मी ओढली आहे. आधार घेऊन ओढली, पण ओढली मीच. विजूला म्हटलं, लावायची तर अशीच लाव, नाहीतर तुझं ते उतरवलेलं लाव आणि मी कात्री घेऊन येते. फाईल घेऊन गेला.

खाली सही टाकली आहे. ती बिनआधाराची.

१३ एप्रिल
फ्लेक्स चढला. पाडायला काढलेल्या भिंतीवर, हिरव्या जाळीवर, तिथेच. मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बघितलं. हात थेट गेलेला दिसतो. कोणापुढेही थरथरणारा दिसत नाही. विजू शेजारी येऊन उभा राहिला. बरं झालं, बोलला असता तर मी रडले असते.

कोपर इथून दिसत नाही. मी तिथेच बघत होते.

प्राचीने विचारलं, सोळाचं काय करायचं? म्हटलं, जाऊ.  भांडायच्या तयारीने आली होती बिचारी.

जाणार आहे. डॉक्टर कागद पुढे सरकवेल, चकली काढायला सांगेल. सळई खिडकीत राहील, बांबू विजूला परत दिला. उद्या मिरवणुकीत त्याला झेंडा लागेल. मनगट हवेत धरून काढीन. जशी येईल तशी येईल. डॉक्टरला त्यातून काय वाचायचं ते वाचू दे.

खाली सही करणार. शालिनी पेंटर.