शांताचे पुढचे दात

धुळे, ६ नोव्हेंबर १९३८
बोदवडचे पत्र आले. 'मुलगी पसंत, परंतु पत्रिका जुळत नाही.' पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी दसऱ्याला जुळवली होती! शांताचे हे तिसरे स्थळ. मला न कळायला काय झाले? धाकट्या भावासाठी मुली पाहिल्या तेव्हा हेच वाक्य मी दोन घरी लिहून धाडले होते.
दाखवायच्या वेळी माझ्या अक्काने तिला बजावले होते, ओठ मिटून बस. पोर बसली. मुलाच्या आत्याने मुद्दाम हसवले. हसली, आणि पुढचे दात दिसले.
मध्यस्थ खाजगीत म्हणाले, दातांचे काही करत असाल तर माघापर्यंत थांबायला सांगतो.

११ नोव्हें.
शांताला घेऊन जळगाव. मुंबईचे दातांचे डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी तिथे येतात. चाळीसगावला गाडी चुकता चुकता मिळाली.
डॉ. म्हणाले, तारेने दात मागे येतील. दीड वर्ष, दर महिन्याला फेरी, दोनशे रु. माझा पगार पंचेचाळीस.
'तोंड उघडा' म्हटल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिले. परवानगी मागितल्यासारखे. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

१३ नोव्हें.
इथला दात काढणारा म्हणतो, पुढचे चार काढू, पंधरवड्यात नवे बसवू. तीस रु. माघाच्या आत सगळे उरकते. पण दात धडधाकट आहेत, कीड नाही.
थोरली बहीण म्हणून अक्काचा शब्द मोडवत नाही. ही, शांताची आई, गेल्यावर घर तिनेच सावरले. तिचे एकच: "बठ्ठा पैसा तारमाच घाली देशी, ते लगीन कशावर करशी?"
उरतात हिच्या पाटल्या. जाताना म्हणाली होती, शांताच्या हातात घाला. त्या मोडल्या तर तार होते. पण दीड वर्ष कोण थांबतो? पोरीला एकोणिसावे लागेल.
डोके चालत नाही.

२० नोव्हें.
भाकरी वाढताना शांता म्हणाली, "बाबा, आईचे दात असेच होते ना?"
होते. अगदी असेच.
हिचा एकच फोटो आहे, ओठ घट्ट मिटलेले. तसे मीच सांगितले होते. 'चारचौघांत दिसेल, ओठ मीट.' पुढे शांतालाही लहानपणापासून तेच. मला लाज वाटत होती, दुसरे काय. बायकोची आणि पोरीची.
ताट उचलताना शांता म्हणाली, "काढायचेच असतील तर आधी माझा एक फोटो काढा. हसताना."
अक्काने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "काढ रे भाऊ. पोरनं मन शे."

२७ नोव्हें.
पाटल्या सोनाराकडे नेल्या. त्याने तोलून किंमत सांगितली, दातांची तार होऊन थोडे उरतील. म्हणाला, मोडू? कागदात गुंडाळून परत आणल्या. अक्काला सांगितले नाही.

४ डिसें.
फोटोवाल्याकडे गेलो. शांताने हिचे जांभळे लुगडे नेसले होते. फोटोवाला म्हणाला, "हसा." हसू आले, त्यासरशी हात तोंडावर गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटले, "हात खाली घे बाळ, हस."
"मला जमत नाही, बाबा."
किती वर्षांनी तिला हस म्हटले, आणि ते असे. फोटोवाल्याने शेवटी आहे तसाच काढला.

८ डिसें.
फोटो आला. तोंडावर हात, वर डोळे हसरे. डोळेही हिचेच. अक्काने पाहिला, पदराने पुसला आणि देवाजवळ ठेवला.
उद्या दुसरा शुक्रवार. कचेरीतून रजा घेतली आहे. इथल्या दात काढणाऱ्यानेही उद्याच बोलावले आहे. मध्यस्थांचे पत्र तीन दिवस पडून आहे, काय कळवू?
पाटल्या कोटाच्या खिशात आहेत.
शांताला विचारले, "कुठे जायचे?"
म्हणाली, "तुम्ही सांगाल तिथे." बोलताना हात तोंडावर. घरात आम्ही दोघेच होतो, तरी.
मी सांगेन तेच तिने जन्मभर केले. या वेळी मी सांगू नये असे वाटते. जळगावची गाडी सकाळी सातला आहे.