खांबामागचा कोरस

११ जानेवारी, शनिवार

आज मारुतीच्या देवळात भजनाला माणसं मोजली. आमचे बुवा अप्पा पेटीवर, सत्यवानदादा पखवाजावर, ऐकायला लक्ष्मीकाकी धरून सहा जणं. सातवी मी — खांबामागे. खांब जाड आहे म्हणून बरं!

कोरस नाहीच. कोरस धरणारे सुशांत आणि त्याचा भाऊ गोव्याला हॉटेलात कामाला लागले. अप्पा ओळ टाकतात, वाट बघतात, ती उचलायला कोणच नाही. शेवटी पेटी मिटताना म्हणाले, दोन शनिवार बघूया, कोरस मिळाला नाही तर भजन बंद. "दोघांच्या भजनाक भजन म्हणनत नाय, गजाली म्हणतत." म्हणजे नुसत्या गप्पा.

बंद झालं तर शनिवारी मी कुठे जाणार? यूट्यूबवर मोठमोठे बुवा आहेत. पण यूट्यूबवरचा बुवा गाता गाता थांबून लक्ष्मीकाकीला विचारत नाही, झोप लागली काय गो!

१२ जानेवारी

मला सगळ्या चाली येतात. तोंडावर ओढणी धरून म्हणते पण. पुढे बसायचं म्हटलं की संपलं. नववीत कविता म्हणताना अडकले, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं पोट दुखतंय. दोन वर्षं झाली — पोट अजून दुखतंय.

१८ जानेवारी, शनिवार

काय लिहू.

ओमकार म्हणजे अप्पांचा नातू, स्वतःला इंजिनियर समजतो. त्याने सुशांतकडून कोरस रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला आणि देवळात हा एवढा स्पीकर आणून ठेवला.

स्पीकर कोणासाठी थांबत नाही. अप्पांना एक ओळ आवडली, त्यांनी चार वेळा फिरवली. स्पीकर पुढच्या कडव्यात! अप्पा पान खायला थांबले, हा गातोच आहे. अप्पा म्हणाले, "ह्येका शेवटची एसटी पकडूची आसा काय रे?" सत्यवानदादा हसून हसून ठेका विसरला.

मग अप्पाच स्पीकरच्या मागून धावायला लागले. जरा जमलं. आवाज एवढा मोठा, की मला वाटलं माझं कुठे कोणाला ऐकू जाणार. ओढणी काढली. डोळे मिटून, तोंड उघडून गायले.

आणि स्पीकर बंद पडला.

मी नाही पडले. एक आख्खी ओळ, माझी एकटीची, देवळात! तशीच अनवाणी घरी पळाले.

१९ जानेवारी

चपला लक्ष्मीकाकीने आणून दिल्या. जाताना तीच ओळ गुणगुणत गेली. किती बेसूर आहे ती.

२३ जानेवारी

ओमकार आलेला. आमच्या पायरीवर बसून काजूगर खात होता, म्हणाला स्पीकर बिघडलाच नव्हता. अप्पांनी डोळ्याने खूण केली, त्याने बंद केला. कोणी विचारलं तर 'रेंज गेली' सांगायचं ठरलं होतं. "खांबामागे कोण गाता ता अप्पांका दोन वर्षां ठावक आसा. तुझो आवाज वर येऊची वाट बघी होते."

दोन वर्षं! म्हणजे काकीला पण. सत्यवानदादाला पण. सगळे मजा बघत होते, आणि मला वाटायचं मी लपलेय.

ओमकारला पायरीवरून हाकललं. जाणारच नाही आता. बंद पडलं तर पडू दे.

२४ जानेवारी

बंद पडू दे, असं काही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गेले. पुढेच बसले, टाळ घेऊन. सहाच माणसं, पण सगळ्यांचे डोळे दिसतात! पहिलं भजन ओठातच राहिलं. दुसरं बाहेर आलं. तिसऱ्याला अप्पांनी ओळ टाकून माझ्याकडे मान वळवली. मी गप्प. परत टाकली. मी गप्प. पखवाज थांबला. अप्पांचं तोंड एवढंसं झालं, "काय झाला गो?"

मी म्हटलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने — "रेंज गेली."

आणि ते हसायच्या आत ओळ उचलली.