कंपनीच्या डब्यातली नळी

मुर्री, भर दुपार

प्रिय गोविंदा पाहुणे,

तिकडे सगळे कसे आहेत? माझ्या आईचे गुडघे अजून ठणकतात का? बाबांचा दमा तरी उतरला असेल, तिथे गिरणीची धूळ कुठली! तुमची धाकटी यमी, देवीच्या साथीत गेली ती, तुम्हाला ओळखते का? तिची आई अजून रोज जेवताना तिच्या नावाचा घास बाजूला काढते, हे तिला सांगा. आणि तुम्ही? तहान भागली का हो तुमची?

इकडे मी बरा आहे. माझी बायको बरी आहे. माझी बहीण, तुमची सगुणा, मात्र बरी नाही. या घडीला ती माझ्यासमोर उंबऱ्यावर बसली आहे, आणि मी कंपनीला पत्र लिहितो आहे असं तिला वाटतं.

सकाळी ती गोंदियाहून पायी आली. पदराखालून एक गाठोडं काढलं, सोडून माझ्यापुढे ठेवलं. त्यात तुमच्या सामानाबरोबर तिला मिळालेली लॉरीची पाण्याची नळी होती, इंजिनातलं पाणी रेडिएटरात नेणारी, वीतभर रबराची, एका टोकाला उभी फाटलेली.

"दादा, तुले लिहिता येते. कंपनीले लिही. तुमच्या नळीनं माझा माणूस मारला म्हून लिही. खाली अंगठा मी लावीन."

माझी बायको तिला पाणी द्यायला वाकली होती. सगुणा फुलपात्र हातात घेऊन म्हणाली, "ज्यानं ही नळी बनवली ना वहिनी, त्याच्या बायकोचं कुंकू असंच पुसलं पायजे." माझी बायको म्हणाली, "हाव बाई, पुसलंच पायजे."

पाहुणे, ती नळी कंपनीची नव्हती. मी बनवली होती.

आता कसं सांगू? सुरुवातीपासूनच सांगतो.

गिरणीवाल्या शेठच्या लॉरीला तुम्ही लेकरासारखं जपत होता. चिचगडच्या जंगलातून बिडीपत्ता आणायचे दिवस जवळ आले की तुम्ही इंजिन उघडून बसायचे. जुनं तेल काढून नवं घालायचं, प्लग घासायचे, आणि पाण्याची नळी जुनी असो की धडधाकट, बदलायचीच. तीही कंपनीचीच! मागच्या वर्षी नागपूरचं पार्सल अडलं म्हणून तुम्ही नाइलाजाने माझ्या हातची घातली. कशी केली होती मी ती? लोखंडी सळईवर कापडाच्या पट्ट्या रबराच्या लुकणात बुडवून गुंडाळल्या, वरून तार आवळली आणि धानाच्या कोंड्याच्या विस्तवात रात्रभर शिजवली. पत्त्याचा सगळा हंगाम चालली ती. एक थेंब गळली नाही. पण तुम्ही काय केलं? पाण्याचे दोन डबे आणि एक जादा नळी बरोबर बाळगली, गावागावाला थांबून ती चाचपली, आणि परत आल्यावर गिरणीच्या फाटकात सगळ्या हमालांदेखत काढून माझ्या हातात दिली.

"घ्या मिस्तरी, बैलाची वेसण करा याची. माझ्या इंजिनाले कंपनीचा असली माल पायजे."

सगळे हसले. मीही हसलो. तुम्हाला वाटलं, मी विसरलो.

यंदा पार्सल वेळेवर आलं. गिरणीच्या तेल-इंजिनाचं सामान आणायला मी स्टेशनवर गेलोच होतो, तेव्हा तुमच्या नळीचा डबाही मीच सोडवून आणला. घरी येऊन उघडला. आत नळी, आणि तिच्यावर संगजिऱ्याची पांढरी पूड. ती नळी काढली आणि मी नवी बनवलेली ठेवली. तीच पूड माझ्या नळीला चोळली, कागद होता तसा चिकटवला. किती वेळ लागला म्हणता? बायकोची भाकर शेकून होईपर्यंत सगळं झालं होतं.

डबा उघडून तुम्ही नळी नाकाला लावलीत, आठवतं? "वा! याले म्हणते माल! वास घ्या मिस्तरी, शिका काही." मी माझ्याच नळीचा वास घेतला, आणि खरं सांगू? जन्मात तेवढा खूश कधी झालो नव्हतो. पत्त्याचा हंगाम संपला की पोळ्याला, त्याच फाटकात, त्याच हमालांपुढे सांगायचं ठरवलं होतं. तुमचं तोंड कसं होतं ते पाहायचं होतं मला.

मग तुम्ही निघालात. निघताना पाण्याचे दोन्ही डबे आणि जादा नळी लॉरीतून खाली उतरवलीत. मी म्हटलं, "राहू द्या ना." तुम्ही म्हणालात, "कंपनीची नवी नळी असताना हे ओझं कायले?"

तेव्हा बोललो का नाही मी? सगळं तोंडाशी आलं होतं, पाहुणे! पण वाटलं, मागची टिकली, ही पण टिकेल. तुमच्या जिवापेक्षा मी माझ्या हातावर जास्त भरवसा ठेवला.

लॉरी आणायला शेठने मलाच धाडलं. जंगलात ती उभी होती, बॉनेट उघडं. नळीच्या तोंडावरची लोखंडी पट्टी तुम्ही इतकी आवळली होती की स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं. बाजूला तुमचा प्यायच्या पाण्याचा तुंबा उलटा पडलेला. मी इंजिनाचा माणूस, मला कोणी सांगायला नको. कंपनीची नळी फुटत नाही, पट्टीच ढिली असेल, असं तुम्हाला वाटलं. पट्टी आवळून घोटभरही न पिता सगळं पाणी तुम्ही रेडिएटरात ओतलंत. ते गेलं फाटलेल्या जागेतून, मातीत. माझी नळी आहे हे ठाऊक असतं तर तुम्ही आधी नळीच पाहिली असती. तशी वेळच आली नसती, डबे बरोबर असते.

मग तसल्या उन्हात तुम्ही नाला शोधत गेलात. पत्ता तोडणाऱ्या बायांना सापडलात तेव्हा ऊन डोक्यात गेलं होतं. त्यांनी तोंडात पाणी घातलं, ते ओघळून गेलं. "कंपनीनं धोका देला," एवढंच बोललात म्हणे. सगुणाला त्या बायांनीच सांगितलं.

पण तुम्हीही कमी नव्हता हो! एक वेळ, फक्त एक वेळ, "बरी केली मिस्तरी" म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुमचं? मेलेल्या माणसाला असं लिहू नये. लिहिलं गेलं. आता खोडत नाही.

कंपनीची खरी नळी माझ्या पेटीत धोतरांखाली आहे. तिच्यावरची पूडसुद्धा पुरती झडलेली नाही. माझी नळीही वाईट नव्हती, पाहुणे, अजून मला तसंच वाटतं. डबे आणि जादा नळी बरोबर असती तर तिने तुम्हाला घरी आणलं असतं. तुम्हाला मारलं ते मी पुन्हा चिकटवलेल्या कंपनीच्या डब्यानं.

"किती लिहून राहिला रे दादा?" सगुणा विचारते आहे. "बरं हाय, लांब असू दे. साहेबाले घाम फुटला पायजे. यमीच्या बापाचं नाव लिहिलं ना?"

"लिहिलं."

"अन् हरामखोर लिहिलं?"

"लिहितो."

कंपनीला पत्र लिहिणं किती सोपं आहे! ते उत्तर देतील की ही नळी आमची नाही. सगुणा म्हणेल, लबाड आहेत मेले. आणि जन्मभर तिच्या राखीला मी हात पुढे करीन. कोणाला कळणार आहे? तुमच्यामागे तिला माझ्या घराशिवाय दुसरं माहेर नाही. म्हणूनच सकाळपासून दोनदा खोटं पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं.

आता तिने दौतीत अंगठा बुडवला आहे. म्हणते, "सांग, कुठं लावू?"

तुम्हाला वचन देतो, पाहुणे. या कागदावर तिचा अंगठा आंधळेपणी उमटू देणार नाही. हे सगळं तिला वाचून दाखवीन, पहिल्या शब्दापासून, तो हरामखोर कोण त्याच्या नावासकट. माझी बायकोही इथेच उभी असेल. ऐकल्यावर सगुणाने अंगठा लावायचा तर लावावा, नाहीतर तीच शाई माझ्या तोंडाला फासावी.

तुम्ही उत्तर लवकर धाडा. शिव्या असल्या तरी चालतील. पण आजच धाडा, कारण उद्यापासून या घरात माझ्याशी कोणी बोलेल की नाही, सांगता येत नाही.

वाचायला सुरुवात करतो.

तुमच्या सगुणाचा भाऊ, हा कागद वाचून संपेपर्यंत तरी,
मारोती मिस्तरी