सातशे पन्नास मिलिमीटर

२ मार्च
वेधशाळेत सहायकाची एक जागा निघाली आहे. अर्जासोबत स्वतःच्या दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे तीन फोटो हवेत आणि तिन्हींचं प्लेट-सॉल्व्हिंग केलेलं हवं. मुदत ३१ मार्च, संध्याकाळी पाच. मला आठ दिवस पुरतील. उरलेल्या दिवसांत इंटरव्ह्यूची तयारी.
आत्याने दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर माझ्यासाठी शब्द टाकला आहे. तिला नम्रपणे सांगितलं की घरातली पहिली पदवीधर मुलगी लोकांचे दात मोजायला शिकलेली नाही. ती म्हणाली, दात डॉक्टर मोजतात, तू फोन उचलायचा. शेवटी आईने तोडगा काढला. मार्च महिना माझा, एक एप्रिलपासून आत्याचा. मी लगेच मान्य केलं. हरायचंच नसलं की उदार होता येतं.

३ मार्च
आईला प्लेट-सॉल्व्हिंग सोप्या भाषेत समजावलं. विज्ञान घराघरात पोचलं पाहिजे, सुरुवात आपल्या घरापासून. म्हटलं, आपण फोटो काढतो, सॉफ्टवेअर त्यातल्या ताऱ्यांची मांडणी आपल्या यादीशी ताडून बघतं आणि दुर्बीण नेमकी कुठे बघते आहे ते सांगतं. आई म्हणाली, म्हणजे दुर्बिणीला स्वतःला माहीत नसतं? म्हटलं, नसतं. म्हणाली, तुझ्यासारखीच आहे मग.
कॉलेजच्या बाईंनी निवृत्त होताना मला ही दुर्बीण दिली. तेव्हापासून एकच अडचण. कॅमेरा लावला की फोकस येत नाही. बाबांना वहीत कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या अडॅप्टरचं चित्र काढून दिलं. बाबा एकतीस वर्षं लेथवर टर्नर आहेत, चित्र बघून करतील. ते दुर्बीण आणि तिचा सगळा डबाच वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.

५ मार्च
अडॅप्टर आला. काळा, गुळगुळीत, बसला की टक्क आवाज येतो. फोकसही आला! म्हणजे माझं चित्र बरोबर होतं. बाबा अडॅप्टरबद्दल काही सांगायला लागले होते. मी म्हटलं, बाबा, थिअरी मी बघते, तुम्ही दमला असाल, जेवून घ्या. ते जेवायला बसले.
चंद्राचा पहिला फोटो. माझ्या हिशोबाने तो फोटोच्या निम्म्या उंचीचा यायला हवा. वरपासून खालपर्यंत आला. या महिन्यात जवळ असावा.

८ मार्च
सॉफ्टवेअर घातलं. ते फोकल लेंग्थ विचारतं, म्हणजे दुर्बीण आकाश किती मोठं करून दाखवते त्याचा आकडा. दुर्बिणीच्या नळीवर स्टिकरच आहे : ७५० मिलिमीटर. टाकलं. पहिला फोटो कृत्तिकेचा. सॉफ्टवेअर दोन मिनिटं विचार करून म्हणालं, उत्तर मिळालं नाही.
फोटोत कृत्तिकेचे तीनच तारे आहेत. बाकीचे ढगात असावेत. ढग दिसले नाहीत, पण विरळ असतात कधीकधी.

९ मार्च
उत्तर मिळालं नाही.

११ मार्च
शांतपणे विचार केला. ताऱ्यांची यादी अपुरी असणार. मोठी यादी नेटवरून उतरवून घेतली, सात तास लागले. तेवढा वेळ धाकट्या बहिणीला ऑनलाइन क्लास करता आला नाही. तिला सांगितलं, मोठ्या कामासाठी छोटा त्याग करावा लागतो. ती म्हणाली, त्याग नेहमी माझाच कसा गं?
मोठ्या यादीतही उत्तर मिळालं नाही. फक्त आता दोनऐवजी नऊ मिनिटांनी मिळत नाही.

१४ मार्च
समोरच्या गच्चीवरची ट्यूबलाइट हेच मूळ कारण आहे. समोरच्या काकूंना जाऊन प्रकाश-प्रदूषणावर थोडं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि ट्यूब बंद केली. नंतर अंधारात त्यांचे सासरे बादलीला अडखळले. ट्यूब परत लागली.
उत्तर मिळालं नाही. ट्यूब बंद होती तेव्हाही मिळालं नव्हतं, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय होईल.

१७ मार्च
सॉफ्टवेअर काढून परत घातलं. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं. गच्चीचे अक्षांश-रेखांश सहा दशांशांपर्यंत टाकले. कपड्यांची दोरी सोडली. आईने ती परत बांधली. म्हणाली, ताऱ्यांना टॉवेलचं काय वावडं आहे?
बाबा वर आले होते. दुर्बिणीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, तो अडॅप्टर आहे ना. मी म्हटलं, अडॅप्टर उत्तम आहे बाबा, प्रॉब्लेम सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो तुमचा विषय नाही. ते म्हणाले, बरं. मी लोकांना किती सहज मोकळं करते.

१९ मार्च
थकले. पाठ दुखते, मान दुखते, डावा डोळा जरा जास्त. बारा फोटो, सगळे स्वच्छ, तारे टाचणीच्या टोकासारखे. एकाचंही उत्तर नाही. इंटरव्ह्यूची तयारी पुढच्या आठवड्यात ढकलली.
आत्याचा फोन. डॉक्टर विचारत होते, मुलगी कधी येते. तिला सांगितलं की माझं संशोधन निर्णायक टप्प्यावर आहे. ती म्हणाली, तिथे पंखा आहे, बसायला खुर्ची आहे, निर्णायक टप्पा झाला की ये.

२२ मार्च
ताऱ्यांच्या यादीतच चूक असावी. लाखो तारे, कोणीतरी कुठेतरी चुकलं असेलच. इंग्रजीतून सविस्तर पत्र लिहून सॉफ्टवेअर करणाऱ्यांना पाठवलं. ते कुठल्यातरी देशातले निवृत्त आजोबा आहेत. सॉफ्टवेअर फुकट देतात आणि पत्रांना स्वतः उत्तरं देतात. पत्रात माझ्या पदवीचा उल्लेख केला, म्हणजे ते गांभीर्याने घेतील.

२४ मार्च
एक वेबसाइट आहे. तिला काहीही सांगावं लागत नाही, नुसता फोटो द्यायचा. दिला. वीस मिनिटांनी तिने उत्तर काढलं! पण सोबत लिहिलं, फोकल लेंग्थ १६१२. नळीवर स्पष्ट ७५० लिहिलेलं असताना. जिला एवढंही कळत नाही तिच्या उत्तरावर मी नाव कसं घालू? रद्द केलं.

२६ मार्च
धाकटीला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मग १६१२ टाकून बघ ना."
मी तिला समजावलं की पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवणं हा विद्येचा अपमान आहे. ती म्हणाली, विद्या राहू दे, अर्ज जाईल. मला तिची काळजी वाटते. या पिढीला प्रक्रियेचा आदर नाही. (ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.)

२८ मार्च
आजोबांचं उत्तर आलं. दोनच ओळी. यादीत चूक नाही. मध्ये बार्लो आहे का?
बार्लो म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग बसवलेली छोटी नळी. दुर्बिणीच्या डब्यात एक होती, मी ती कधीच वापरली नाही. तसं त्यांना पाऊण पानात कळवलं. पत्र गेल्यावर खात्रीसाठी डबा उघडला. नळी नाही.
धाकटीला विचारलं. ती म्हणाली, मी हात लावला नाही. मी म्हटलं, घरात दुसरं कोण वस्तू हरवतं? तिने कानातलं हरवलेलं, छत्री हरवलेली, सगळं मीच तिला ऐकवलं. ती रडली आणि आईजवळ जाऊन झोपली. सत्य कटू असतं.

३० मार्च
आकाशात चंद्र मोठा, फोटो काढण्यात अर्थ नाही. काढलेले सतरा आहेत. सतरांपैकी शून्य. सॉफ्टवेअरला प्रत्येक फोटो पुन्हा दिला. उत्तर मिळालं नाही हे वाक्य आता मला बोलण्यासारखं ऐकू येतं, आत्याच्या आवाजात.
धाकटी बोलत नाही. तिने माझं ताट वाढलं, पाणी ठेवलं नाही.

३१ मार्च, दुपारी ३
अर्ज भरून तयार. फोटोंची जागा रिकामी. १६१२ टाकून बघावं असा विचार आला. दुबळा क्षण होता, निघून गेला.

३१ मार्च, सायंकाळी ६.१५
बाबा साडेपाचला कामावरून आले. आई त्यांना धाकटीबद्दल सांगत होती, ती दोन दिवस नीट जेवली नाही म्हणून. बाबांनी विचारलं, कशावरून? आई म्हणाली, कसलीतरी भिंगाची नळी हरवली.
बाबा चपला न काढताच माझ्या खोलीत आले.
"हरवली कुठे? अडॅप्टरमध्ये आहे."
मी वही उघडून माझं चित्र त्यांच्यासमोर धरलं.
"तुझ्या चित्राप्रमाणे केला तर फोकस येईना. डब्यातली ती नळी मध्ये धरून बघितली, आला. मग ती आत बसवूनच अडॅप्टर लेथवर फिरवला. चांगली काच होती, फेकायची कशाला?"
मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत?
"सांगतोच आहे," बाबा म्हणाले. "पाच तारखेपासून."
१६१२ टाकलं. पहिल्या फोटोला चार सेकंद लागले. दुसऱ्याला चार. सगळ्या सतरा फोटोंची उत्तरं मिळाली. चंद्र जवळ नव्हता आणि कृत्तिकेवर ढग नव्हते. ५ वाजून ५२ मिनिटांनी अर्ज पाठवला. सोबत दुर्बिणीचा फोटो जोडला आणि उशिराचं कारण लिहिलं : तांत्रिक अडचण.
धाकटीच्या दाराशी गेले. कसं बोलावं ते ठरवून गेले होते. तिने दार उघडलं आणि म्हणाली, सॉरी म्हणायला आली असशील तर आधी माझा सात तासांचा क्लास भरून दे. आता तिला गणित शिकवायचं आहे. मला येतं असं ती अजून मानते.

१ एप्रिल
पंखा आहे. खुर्ची आहे. खुर्चीचं एक चाक अडकतं. फोन एकोणतीस वेळा वाजला. एका बाईंना विचारलं, कुठला दात दुखतो, त्या म्हणाल्या, तेच तर कळत नाही. माझ्या तोंडून निघालं, फोटो काढला की कळेल.

९ एप्रिल
वेधशाळेचं पत्र. अर्ज मुदतीनंतर आल्यामुळे विचारात घेता येत नाही. खाली आणखी तीन ओळी. दुर्बिणीच्या फोटोतला अडॅप्टर कोणी केला? त्यांच्या तीन दुर्बिणींचं काम असाच सुटा भाग मिळत नसल्यामुळे वर्षभर अडलं आहे. करणारे गृहस्थ भेटू शकतील का? सोबत एक फॉर्म.
बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांनी माप घेतलंय का विचार, नुसत्या चित्रावर मी करत नाही.
फॉर्म मी भरला. शिक्षण, नववी. अनुभव, एकतीस वर्षं. ओळख देणाऱ्या व्यक्तीच्या जागी कोणाचं नाव घालू विचारलं. बाबा म्हणाले, तुझं घाल, तू शिकलेली आहेस. घातलं.
सही करण्याआधी त्यांनी फॉर्म मागून घेतला. अक्षर छान आहे म्हणाले. मग चष्मा लावून मी लिहिलेले सगळे आकडे एकेक करून तपासले. फोन नंबरातला एक चुकला होता.