विहिरीपासून पाच हातांवर

लिहून ठेवते मी जनकाबाई, कै. निवृत्ती खरात यांची विधवा, वय अंदाजे पंचावन्न, राहणार भोकरवाडी, उंद्रीजवळ, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. सांगते मी, लिहितात शालिग्राम मास्तर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो उजवा गुडघा, त्यात तीनदा नारू झाला. हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली करीत नाही. दाब टाकायला घरात दुसरे कोणी नाहीच.

१. दोन एकर शेत पुतण्या इंद्रभान यास द्यावे. चार वर्षांत तो फिरकला नाही, पण रक्ताचा तोच उरला आहे.

२. तांब्याची घागर शेजारीण नूरजहां हिला द्यावी. माझ्या गुडघ्यातून निघणारा नारूचा जंत काडीला गुंडाळून ती रोज बोटभर ओढायची, कधी तुटू दिला नाही.

३. राहते घर कोणालाही देऊ नये, पाडावे. कारण सांगणे भाग आहे. सन १९६३ साली आरोग्याचा माणूस आला. म्हणाला, विहिरीच्या पायऱ्यांवरून पाण्यात पाय बुडवता, नारू तिथूनच पसरतो. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवू. मी बायांना घेऊन पायऱ्यांवर ठाण मांडले. म्हटले, "पायऱ्या बुजवल्या त आमी बसाचं कुठी?" घरात सासू, शेतात मुकादम, बाईला मन मोकळे करायला तेवढीच जागा होती. माणूस परत गेला. काम दोन वर्षे लांबले. त्यातच माझ्या चांगुणाला नारू झाला, पाय सडला. चिखलीला नेताना बैलगाडीत म्हणाली, "माय, आज पाण्याले कोन गेलं?" मग बोलली नाही. सोळा वर्षांची होती.

पुढे पायऱ्या बुजवताना मातीची पहिली पाटी मीच टाकली. आता गावात नारू नाही. बाया येतात, रहाट ओढतात, निघून जातात. मला तोंडावर कोणी काही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे वाटले असते.

४. घराच्या दगडांचा ओटा बांधावा, विहिरीपासून पाच हात लांब, सांडलेले पाणी परत विहिरीत न जाईल असा. माझे नाव घालू नये. मास्तर म्हणतात, "ग्रामपंचायतले इचारा लागन." विचारावे. सरकारने पायऱ्या बुजवल्या हे चांगलेच केले. बायांना बसायला जागा द्यायची राहिली.

५. ओट्यावर प्रथम नूरजहांने बसावे. चांगुणा तिच्याही मांडीवर वाढली. चांगुणाबद्दल माझ्यावर जो राग तिने आजवर गिळला, तो तिथे सगळ्या बायांदेखत बोलून टाकावा.

वाचून दाखवले, ऐकले, तसेच आहे.

निशाणी अंगठा: जनकाबाई
साक्षीदार: उत्तमराव देशमुख, युसूफ सुतार
लिहिणार: शालिग्राम मास्तर
भोकरवाडी, १४ मार्च १९७१