जनतेवर पडणारा खर्च

२ मार्च
आजपासून रोजनिशी. रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना, मग लिखाण.
(आज साडेसातला उठलो.)
कामगार नुकसानभरपाई कार्यालयात, औषध विभागात, एकवीस वर्षं झाली. कामावर जखमी झालेल्यांना आपण औषध फुकट देतो, डॉक्टर लिहील ते. आता नवा नियम येतोय. यादीतलं औषध लगेच मिळेल, यादीबाहेरच्याला आधी परवानगी. मसुदा माझ्याकडे. देवाची कृपा.

५ मार्च
मसुद्यासोबत एक तक्ता भरायचा असतो. त्यात रकाना आहे, ‘नियमबदलामुळे जनतेवर पडणारा खर्च’. दिवसभर विचार केला. जनता म्हणजे नेमकं कोण, असं साहेबांना विचारलं. म्हणाले, आपण सोडून सगळे. ‘खर्च नाही’ असं लिहिलं.
एक कलम पदरचं घातलं. अर्जावरची सही जुन्या सहीशी जुळली पाहिजे. लबाडी बंद! साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ऑफिस चाललंय. घरी येताना तीन जिने न थांबता चढलो.

८ मार्च
जेवताना घरात सांगितलं. ताईनं विचारलं, माझी कॅप्सूल आहे का यादीत?
ताई माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते. चार वर्षांपूर्वी लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरमध्ये तिचा उजवा हात गेला. हात राहिला, पण आतून निखारा ठेवल्यासारखा जळतो. सकाळी कॅप्सूल घेतली की आग निवते. मग अर्धा तास रबरी चेंडू दाबून बोटांचा व्यायाम.
बघून सांगतो, म्हटलं. तर म्हणे, पेपर काढणारा तूच, तपासणाराही तूच, पास कर बाबा एकदाची.

९ मार्च
यादीत नाही. महाग आहे, माझ्या पगारात बसणारी नाही. काळजीचं कारण नाही. परवानगी दहा दिवसांत मिळेल. ‘दहा’ हा आकडा मीच घातलाय.

१४ मार्च
लोकांच्या हरकती ३१ तारखेपर्यंत घेणार. ताई म्हणाली, मी सांगते, तू लिही. माझ्याच बहिणीची हरकत, माझ्याच अक्षरात, माझ्याच टेबलावर? लोक काय म्हणतील? उद्या बघू म्हटलं.

२४ मार्च
ताईनं भाकरी वाढता वाढता हरकत सांगूनही टाकली. दोनच वाक्यं. ‘औषध बंद झालं तर माझा हात बंद पडेल. मग जो खर्च येईल तो कुठल्या रकान्यात लिहिणार?’ मुद्देसूद आहे. रविवारी स्वच्छ प्रत करतो.

३१ मार्च, ४.५०
रविवारी पाहुणे आले होते. आलेल्या हरकती, एकही नाही. साहेब खूश.

४ मे
नियम लागू. ताईचा अर्ज बायकोनं नेऊन दिला. मी मुद्दाम लांब राहिलो. निःपक्षपातीपणा.

१२ मे
सही न जुळलेले त्रेचाळीस अर्ज जेवणाच्या सुट्टीआधी परत पाठवले. नावं वाचली नाहीत. नावं वाचली की दया येते. साहेब म्हणाले, वेग असावा तर असा.

१५ मे
ताईला पाकीट आलं. अर्ज परत. खाली माझी सही.
ताईनं कागद बराच वेळ बघितला. म्हणाली, सही सुरेख आहे हो. हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं तुझ्याकडून, ते काही वाया गेलं नाही.
मी दोघींना कलम समजावून सांगितलं. बायको म्हणाली, उजवा हात गेला म्हणून तर औषध, मग सही कुठल्या हातानं करायची होती त्यांनी? सूचना चांगली आहे. नियमाच्या फेरआढाव्यात मांडेन.

२० मे
नवा अर्ज. डाव्या हाताची सही अधिकाऱ्यानं तपासायची असते. तो अधिकारी मीच. पण नात्यातलं प्रकरण, म्हणून दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं. उशीर होईल, पण कुणी बोट दाखवणार नाही.

१७ जून
उत्तर नाही. कॅप्सूल संपून महिना होत आला. ताई म्हणते, आता दुखत नाही. टोमणेही मारत नाही. मनोबल! नामस्मरण सुचवलं. करते म्हणाली. चेंडू कपाटाखाली सापडला. पुसून तिच्या उशाशी ठेवला.

८ जुलै
बायकोनं आज सांगितलं. मी ऑफिसला गेलो की ताई हात गार पाण्याच्या बादलीत घालून बसते. दिवसभर. जिन्यात माझं खोकणं ऐकू आलं की काढते आणि पुसते. धाकट्याला सांगू नको, जिवाला लावून घेईल, म्हणाली होती.
मला जिन्यात खोकायची सवय आहे. उद्यापासून खोकायचं नाही.

९ जुलै
न खोकता वर आलो. दारातून बघितलं. परत खाली गेलो, खोकलो आणि वर आलो.

२४ जुलै
परवानगी आली! कॅप्सूल घेऊनच घरी आलो. ताईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटं उघडून बघितली, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. म्हणाले, आग कमी होईल. पण वेदनेमुळे व्यायाम सुटला, तीन बोटं आखडली, ती आता उघडणार नाहीत. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, त्याला नंतर सांगते मी.

२६ जुलै
सकाळी ताई बायकोला म्हणाली, केस कापून टाक माझे. आजवर माझे मी बांधत होते. आता रोज रोज कुणाच्या गळ्यात पडू?
मी म्हटलं, मी बांधतो. कंगवा घेऊन मागे बसलो. ताईनं मान अगदी स्थिर धरली. केस पातळ झालेत, वरून पांढरे. पेड घालता येईना. तीनदा सुटले. चौथ्यांदा पुन्हा भांग पाडून सुरुवात केली.
ताई म्हणाली, राहू दे, धाकट्या. छान झालंय. जा तू, ऑफिसला उशीर होईल.
आज रविवार आहे.