एकेचाळिसावं नाव

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! लोर्नाचं माहेर, आता आमचंही गाव. दारात गुडघाभर बर्फ, आणि शेजारी नुसत्या शर्टावर सामान उतरवायला हजर. लोर्नाची मावशी व्हर्ना इथल्या छोट्या इस्पितळाची व्यवस्थापक. तिनेच आम्हा दोघांना नोकरीला लावलं. लोर्ना वॉर्डात नर्स, मी सर्व्हर सांभाळणारा. मी पडलो मोठ्या पुलाच्या दक्षिणेचा, आणि तिकडच्यांना इथे गमतीने पुलाखालचे राक्षस म्हणतात, म्हणून मावशीने उंबऱ्यातच ऐकवलं, की काय रे पुलाखालच्या राक्षसा, जेवलास का? खिमा-बटाटा भरलेली गरम पास्टी पुढ्यात आली. मी त्यावर ग्रेव्ही मागितली आणि सगळं घर माझ्याकडे वळून बघायला लागलं. इथे केचप घेतात म्हणे! लोर्ना म्हणाली, डेल, आल्या आल्या नाक कापलंस माझं. मजा येणार इथे.

५ नोव्हेंबर

दुखणं सापडलं. कोणता पेशंट कुठल्या खाटेवर, कोणाला काय औषध, सगळं त्या एका सर्व्हरवर. आत शिरायला इतका वेळ लागतो, की एकदा शिरलेला माणूस बाहेर पडतच नाही. पाळी संपते, बाई घरी जाते, सौनात वाफ घेत बसते, जेवून झोपते, तरी हिची जोडणी आत उघडीच! दुपारपर्यंत सर्व्हरचा जीव मेटाकुटीला येतो.

मी मर्यादा घातली. एका वेळी चाळीस जण. एकेचाळिसावा आला की सगळ्यांत जास्त वेळ बसलेला आपोआप बाहेर. न्हाव्याच्या खुर्चीसारखं, पुढचा आला की ऊठ. कोणाला विचारत बसलो नाही, त्यात विचारायचं काय? संध्याकाळपर्यंत गाडी सुसाट. मावशी म्हणाली, राक्षस कामाचा निघाला हो. आपण तर बुवा खूश.

९ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा चाळीस भरले. एकेचाळिसावं नाव आलं इल्मा सारी, आणि बाहेर पडले म्हातारे डॉक्टर टेर्वो. लगेच फोनवर माझी हजेरी घेतली, की अरे गाढवा, पेशंट समोर बसलाय आणि तुझं यंत्र मला हाकलतंय! मी माफी मागितली.

ही इल्मा नवीन आहे का, असं मावशीला विचारलं, तर तिचं हसू मावळलं. इल्मा इथली नर्स होती, एप्रिलमध्ये वारली. खातं बंद करायचं राहिलं असेल, आणि इथे एकमेकांचे पासवर्ड सर्रास वापरतात, असं ती म्हणाली. खातं लगेच बंद केलं. नाव मात्र अजून आतच दिसतंय. उद्या बघतो.

१० नोव्हेंबर

डॉक्टर टेर्वो गेले. काल माझ्यावर ओरडून फोन ठेवला आणि खुर्चीतच कलंडले. पंचाहत्तरीचा माणूस, हृदय अधू होतं. सगळे म्हणतायत, भाग्याचं मरण आलं. मला फार वाईट वाटलं. शेवटची शिवी मलाच दिली त्यांनी.

१३ नोव्हेंबर

सकाळी दफन झालं. तिथून येऊन पाहतो तर यादीत टेर्वो. त्यांच्या खोलीतल्या मशीनवरून. खोलीला कुलूप आहे, मी स्वतः हलवून पाहिलं.

त्यांच्या येण्याने बाहेर पडला गस, स्वयंपाकघरातला. मी धावत सुटलो. गस सूप वाढत होता. मला बघून म्हणाला, आले आले, ग्रेव्हीवाले साहेब आले! जिवात जीव आला माझ्या. हसलोही. मग त्याने पळी खाली ठेवली, कसंतरीच बघितलं, आणि तिथेच फरशीवर बसला. पुन्हा उठला नाही.

१४ नोव्हेंबर

मर्यादा काढून टाकली. परत चाळीस. हजार केली. परत चाळीस.

मावशीला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पण यंत्र अडलंय हे तिलाही दिसत होतं, तेव्हा सगळं काम कागदावर न्यायला सांगितलं. सगळ्यांनी लॉग आउट केलं. एकही नाव गेलं नाही. माणसं घरी, नावं आत.

सर्व्हरच बंद करायला निघालो होतो. बटणावर बोट होतं. मग लक्षात आलं, बंद केला तर सगळेच बाहेर पडतील. एकदम. बोट काढून घेतलं आणि तिथेच बसून रडलो.

१५ नोव्हेंबर

पुरलं की गेलेले परत यादीत येतात. गसला परवा पुरणार.

यादीत सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ बसलेली, व्हर्ना मावशी. मग मी. मग लोर्ना. गस आला की मावशी जाणार. मावशी आली की मी. मी आलो की —

लोर्ना समोर बसून माझा फाटका मोजा शिवतेय. म्हणते, एवढा का रे उतरलास? काय सांगू हिला?

१६ नोव्हेंबर

केलं. लोर्नाच्या नावाने नवी जोडणी उघडली. ती तळाला गेली. तिथवर पोचायला वर्षं लागतील. त्यासाठी वरचं एक नाव पडणार हे मला ठाऊक होतं. मावशी तशीही उद्या जाणारच होती. एकच दिवस. एकाच दिवसाचा तर प्रश्न —

फोन आला. मावशी जिन्यात पडली, जागीच गेली. लोर्ना माझ्या गळ्यात पडून रडतेय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवतोय. त्याच हाताने केलं.

१७ नोव्हेंबर

लोर्नाला सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय डेल, मावशीच्या नावाने असलं काही बोलू नकोस रे. म्हणाली, थांब, वॉर्डात जाऊन मी स्वतः लॉग इन करते. काही होत नाही हे तूच बघ, मग आपण डॉक्टरकडे जाऊ.

गेली. दार ओढून गेली. वॉर्डातला फोन कोणी उचलत नाही.

सगळ्यांत वर मी आहे. असू दे. मला गसने बाहेर काढलं काय, हिने लॉग इन करून काढलं काय. हिला कधी कळू नये एवढंच. ती तर तळाला —

नाही. यादी पुन्हा पाहिली. तळाला लोर्ना. आणि माझ्या खालीही लोर्ना. जुनं नाव गेलंच नाही. कोणाचंच जात नाही, माहीत होतं मला, माहीत असून —

मावशी फुकट गेली.

माझ्यानंतर तीच. आणि तिला बाहेर काढायला येणार गस, नाहीतर मावशी, नाहीतर मी —

लोर्ना, वाचशील तेव्हा एवढंच कर. गसला, मावशीला, मला, कोणालाच पुरू नका. काहीही करा, बर्फात टाका, पण पुरू नका गं, पुरलंत की मी ये